कमरेची गाठ आणि खांद्याचा पट्टा : लोकवेश, फॅशन आणि अल्लीपूर परिसरातील स्त्रीवेश

प्रस्तावना

स्त्रियांच्या वेशभूषेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने वस्त्राचा पोत, रंग, काठ, भरतकाम आणि दागिने यांच्याकडे गेलेले दिसते. वस्त्र अंगावर टिकते कशाच्या आधाराने, त्याचा भार शरीराचा कोणता भाग वाहतो, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. जुन्या काळातील फॅशनची आज जी नव्याने चर्चा होते, तिच्यातही हेच आढळते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील युरोपीय छायाचित्रांत घेरदार, लोकशैलीचा घागरा आणि त्याला खांद्यावरून जाणारे दोन पट्टे अशा वेशातील तरुणी दिसतात. या पट्ट्यांना मराठीत गॅलिस म्हणतात. छायाचित्रांचे रसिक या वेशाकडे एक गोड, खेळकर अलंकरण म्हणून पाहतात. वस्तुतः तो पट्टा मुळात अलंकार नव्हता. घेरदार वस्त्राचे ओझे कमरेवरून काढून खांद्यावर देण्याची ती एक व्यवस्था होती.

हा भेद वरवर किरकोळ वाटेल. परंतु वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर आणि त्याच्या भोवतालचा कापूस पिकवणारा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवला, म्हणजे त्याचे गांभीर्य लक्षात येते. या प्रदेशात लमाण स्त्रियांचा फेटिया, मारवाडी स्त्रियांचा घागरा, मुलींचा परकर, कुणबी व अन्य शेतकरी स्त्रियांचे लुगडे आणि गांधीयुगातील खादीची साडी असे स्त्रीवेशाचे अनेक प्रकार एकाच शतकात नांदले. त्यांच्या रंगरूपात जमीनअस्मानाचे अंतर होते. मात्र एका बाबतीत ते सर्व एकसारखे होते : त्या सर्वांचा भार कमरेवर होता. प्रस्तुत निबंधात या कमरेच्या गाठीचा आणि तिला पर्याय ठरलेल्या खांद्याच्या पट्ट्याचा इतिहास एकत्र पाहिला आहे.

युरोपातील पट्ट्याचा घागरा

युरोपातील सर्वच लोकवेश खांद्यावर तोललेले होते असे नाही. रशियाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. दक्षिण रशियातील शेतकरी स्त्रिया 'पानेवा' नावाचे जाड लोकरी वस्त्र दोरीने कमरेला बांधीत. उत्तर आणि मध्य रशियात 'साराफान' होता. हा पायघोळ, बाह्या नसलेला झगा दोन रुंद पट्ट्यांनी खांद्यावर अडकवलेला असे. म्हणजे एकाच देशात, एकाच वर्गाच्या स्त्रियांत, दोन्ही व्यवस्था शेजारीशेजारी होत्या. पीटर झारने इ. स. १७०० पासून काढलेल्या आज्ञांनी शहरी व दरबारी लोकांना पाश्चात्त्य पोशाख सक्तीचा केला. साहजिकच साराफान हा प्रामुख्याने खेड्यातील स्त्रियांचा वेश उरला. पुढे १८३४ मध्ये निकोलस पहिला याने दरबारी स्त्रियांसाठी जो गणवेश ठरवला, त्यात याच साराफानाची ठेवण मखमल आणि जरीच्या रूपात परत आणली गेली. आधी खेड्यात ढकललेला वेश शंभर-सव्वाशे वर्षांनी 'राष्ट्रीय' म्हणून दरबारात आला. त्यासाठी कोणत्याही शेतकरी स्त्रीचे मत विचारले गेले नव्हते.

बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातील 'डिर्न्डल' या वेशाची कथा अधिक विलक्षण आहे. डिर्न्डलमध्ये घट्ट, बिनबाह्यांची चोळी आणि तिलाच शिवलेला चुणीदार घेर असतो. घेर चोळीला जोडलेला असल्यामुळे त्याचे वजन धड आणि खांदे मिळून पेलतात. खेड्यातील कष्टकरी आणि मोलकरणींच्या या साध्या कपड्याला शहरी बाजारपेठ मिळवून देण्यात म्युनिक येथील ज्युलियस आणि मोरिट्झ वालाख या दोघा ज्यू बंधूंचा मोठा वाटा होता. १९१० साली म्युनिकच्या ऑक्टोबर उत्सवाला शंभर वर्षे झाली, त्या वेळच्या मिरवणुकीतील लोकवेश त्यांनी पुरवले. पुढे १९३० मध्ये बर्लिनच्या रंगभूमीवर आलेल्या 'व्हाइट हॉर्स इन' या संगीतिकेने डोंगराळ प्रदेशातील या वेशाला आणखी प्रसिद्धी दिली. त्यानंतरच्या काही वर्षांत पॅरिस आणि लंडन येथील स्त्रियांच्या कपड्यांत तिरोल प्रांताच्या धाटणीचे घागरे, भरतकाम आणि गॅलिस यांची लाट आली. आज ज्या छायाचित्रांचे कौतुक होते, त्यांपैकी पुष्कळशी या लाटेतील आहेत.

परंतु याच काळात नाझी राजवटीने लोकवेशाला वंशशुद्धीचे चिन्ह बनवले. १९३८ मध्ये साल्झबुर्ग येथे ज्यूंना लोकवेश परिधान करण्यास मनाई करण्यात आली. त्याच वर्षी वालाख बंधूंना आपले दुकान सक्तीने सोडून द्यावे लागले आणि पुढे देशही. ज्यांनी हा वेश शहरात नेला, त्यांच्याच समाजाला तो अंगावर घालण्याचा अधिकार राहिला नाही. १९३९ पासून इन्सब्रुक येथे गेर्ट्रूड पेसेनडोर्फर हिच्या देखरेखीखाली 'जर्मन लोकवेश' प्रमाणित करण्याचे काम सुरू झाले. तिने सुचवलेल्या सुधारणांत बंद गळ्याची कॉलर गेली आणि कंबर नाड्यांनी व गुंड्यांनी अधिक आवळली गेली. आज पारंपरिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डिर्न्डलच्या आकृतीवर या सुधारणांची छाप आहे, ही गोष्ट फॅशनच्या सचित्र ग्रंथांत क्वचितच ठळकपणे येते.

या सर्व घडामोडींच्या आधी, एकोणिसाव्या शतकात, कमरेचा प्रश्न काही स्त्रियांनी थेट उपस्थित केला होता. अमेरिकेत १८५१ मध्ये अमेलिया ब्लूमर हिने आखूड झगा आणि सैल विजार या वेशाचा पुरस्कार केला व टिंगल ओढवून घेतली. १८७४ मध्ये बोस्टन येथे अ‍ॅबा गूल्ड वूलसन हिने संपादित केलेली वेशसुधारणेवरील व्याख्याने प्रसिद्ध झाली. व्याख्यात्यांमध्ये स्त्री-डॉक्टरांचा समावेश होता. स्त्रियांचे सर्व कपडे कमरेवर न बांधता खांद्यांवरून टांगले जावेत, हे त्यांचे मध्यवर्ती प्रतिपादन होते. १८८१ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या 'रॅशनल ड्रेस सोसायटी'ने तर आतल्या कपड्यांचे एकूण वजन सात पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोपेक्षा, अधिक नसावे अशी मर्यादा घातली. सात पौंड ही मर्यादा म्हणून सुचवावी लागली, यावरून प्रत्यक्षातील ओझ्याची कल्पना करता येते.

पुरुषांच्या बाबतीत हा प्रश्न कधीच सुटला होता. लंडनचे अल्बर्ट थर्स्टन १८२० पासून गॅलिस विकत होते. कपड्यांना लावता-काढता येतील अशा कमीजास्त करण्याजोग्या पट्ट्यांचे अमेरिकन पेटंट १८७१ मध्ये विनोदी लेखक मार्क ट्वेन यांच्या खऱ्या नावाने नोंदले गेले, ही त्यातील एक गमतीची बाब. स्त्रियांना मात्र खांद्याच्या पट्ट्याचा लाभ सौंदर्यदृष्टीतून कमी आणि कामाच्या सक्तीतून अधिक मिळाला.

डोंगरीचे कापड

या कामाच्या वेशाचे नाव मराठी वाचकाच्या फार जवळचे आहे. मुंबईच्या डोंगरी भागात विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड युरोपीय व्यापाऱ्यांनी 'डंगरी' या नावाने जगभर नेले. खलाशी आणि मजूर यांचे कपडे त्यापासून शिवले जात. कालांतराने ते नाव कापडावरून कपड्यावर आले आणि छातीवर चौकोनी फडका व खांद्यांवर पट्टे असलेल्या विजारीला 'डंगरीज' म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील 'विमेन्स लँड आर्मी'च्या हजारो तरुणी हाच वेश घालून शेतात राबल्या. युद्ध संपले आणि १९४७ मध्ये ख्रिश्चन डिओरने पुन्हा आवळलेली कंबर आणि मैलभर घेर असलेला झगा पुढे आणला. कमरेला मोकळीक देणारा वेश युद्धकाळाची आठवण ठरला. गॅलिस उरले ते लहान मुलींच्या आणि सहलीच्या कपड्यांवर. पुढे १९७६ मध्ये इव्ह सां लॉराँ याने रशियन शेतकरी स्त्रियांच्या वेशावर आधारलेला संग्रह सादर केला तेव्हा रेशीम, मखमल आणि केसाळ कातडे यांच्या झगमगाटात लोकवेश पुन्हा एकदा दरबारी झाला.

थोडक्यात, पट्ट्याचे दोन इतिहास आहेत. एकात तो कष्टाच्या वेशाचा अवयव आहे आणि दुसऱ्यात केवळ खूण. ज्या घागऱ्याला कमरेशी चेन किंवा इलॅस्टिक आहे, त्यावर लावलेले गॅलिस काहीच पेलत नाहीत.

हिंगणघाटचा कापूस आणि लमाणांचा तांडा

डोंगरीच्या कापडाच्या नावामागे जशी मुंबई आहे, तसेच इंग्लंडच्या कापूसबाजारात चालणाऱ्या एका नावामागे अल्लीपूरचा तालुका आहे. 'हिंगणघाट' ही तेथे चांगल्या देशी कापसाची ओळख होती. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा वेगळा झाला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. त्यापूर्वी वऱ्हाड आणि नागपूर प्रांतातील कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून सुमारे ८०० किलोमीटर दूर गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. परतीच्या प्रवासात मीठ, धान्य आणि अन्य माल येई. या व्यापारी प्रवासाला लमाण 'लदेणी' म्हणत. स्त्रिया तांड्याबरोबर असत. चालण्यात, गुरे हाकण्यात आणि माल सांभाळण्यात त्यांचा वाटा होता.

या स्त्रियांचा वेश म्हणजे घेरदार फेटिया, आरसे व कवड्या जडवलेली, पाठीवर नाड्यांनी बांधलेली काचळी आणि डोक्यावरची टुकरी. कंबरलेज या इंग्रज अधिकाऱ्याने १८८२ मध्ये वऱ्हाडातील बंजाऱ्यांविषयी लिहिलेल्या वृत्तान्तात आणि पुढे १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात या वेशाचे तपशील येतात. डोक्यावर उभी काडी खोवून तिच्यावरून ओढणी सोडण्याची पद्धत, हस्तिदंती बांगड्यांची रांग, भरतकाम यांचे वर्णन त्यांनी कुतूहलाने केले आहे. मात्र हा फेटिया किती जड होता आणि त्याची नाडी कमरेला किती घट्ट बांधावी लागे, याविषयी ही वर्णने जवळजवळ मुकी आहेत. पाहणाऱ्याच्या दृष्टीने वेश म्हणजे दृश्य होते.

१८६६ नंतरच्या काळात मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस-आयुक्त असलेले रिव्हेट-कारनॅक यांच्या अहवालांतून सरकारची अपेक्षा स्पष्ट होते. रेल्वेने कच्चा कापूस बाहेर जावा, इंग्रजी कापड आत यावे आणि स्थानिक विणकर शेतीकडे वळावेत, असा तो हिशेब होता. त्याचे दोन परिणाम स्त्रीवेशाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. कोष्टी आणि महार विणकरांनी विणलेले जाड कापड मागे पडून गिरणीचे तलम कापड हळूहळू आले. आणि लदेणी संपल्यामुळे लमाण समाज व्यवसायहीन झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत अनेक ठिकाणी या समाजाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. हा कायदा १९५२ मध्ये संपुष्टात आला. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत गणला जातो. ज्या समाजाकडे गुन्हेगार म्हणून पाहिले जात होते, त्याच्या स्त्रियांना दुरूनच ओळख पटवणारा वेश हा अभिमानाचा विषय होता तसा जोखमीचाही. नव्या पिढीने फेटिया सोडून साडी स्वीकारली, याचे कारण केवळ 'आधुनिकतेचा प्रभाव' असे सांगून भागणार नाही.

योगायोग असा, की खेड्यात हा वेश अंगावरून उतरत असताना शहरात त्याचे तुकडे चढत होते. लमाणी भरतकामाच्या पिशव्या, जाकिटे आणि घागरे गोव्याच्या किनाऱ्यावरील बाजारांत पर्यटकांना विकले जाऊ लागले. कर्नाटकातील संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. ही कला जगणे चांगलेच. तथापि विकत घेणारी स्त्री तो घागरा संध्याकाळपुरता घालते, हा फरक लक्षात ठेवावयास हवा.

लुगडे, परकर आणि खादी

वर्धा परिसरातील शेतकरी स्त्रीचे नित्याचे वस्त्र म्हणजे नऊवारी लुगडे. त्याची सव्वाआठ मीटरच्या आसपासची लांबी कमरेभोवती गुंडाळून, गाठ मारून आणि खोचून सावरली जाई. मुली परकर-पोलके घालीत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून नऊवारीची जागा पाचवारीने, म्हणजे ज्याला बोलीत गोल साडी म्हणतात तिने, घेतली आणि एक सूक्ष्म बदल घडला. नऊवारी गाठीवर उभी राहते, तिला आत परकर लागत नाही. पाचवारीला खोचण्यासाठी आत नाडीचा परकर लागतोच. म्हणजे एके काळी मुलींचे बाह्य वस्त्र असलेला परकर प्रौढ स्त्रीचे न दिसणारे अंतर्वस्त्र झाला आणि साडीचा संपूर्ण भार एका बारीक सुती नाडीवर आला. रुंद गाठीचा भार पसरतो, नाडीचा एका रेषेत कापत जातो. वेशाच्या इतिहासात हा बदल 'सुटसुटीतपणा' या एका शब्दात नोंदवला जातो. चालण्या-बसण्यातील सुटसुटीतपणा खरा. परंतु नाडीपुरते पाहता तो अर्धसत्य आहे.

याच काळात वर्ध्याला गांधीयुग अवतरले. १९३४ च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्याला झाली. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहावयास गेले. त्या गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. १९३८ च्या अखेरीस मगन संग्रहालयाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. खादी हा येथे वेश नव्हता, विचार होता. तथापि विचारालाही वजन असते, आणि हातसुताच्या जाड कापडाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते. प्रारंभीच्या खादीचा पन्हा अरुंद होता. पंचेचाळीस इंची पन्ह्याचे धोतर मिळावे म्हणून गांधीजींना गंगाबहेन मजमुदारांकडे कसा लकडा लावावा लागला, हे त्यांनीच आत्मकथेत नोंदवले आहे. पुरुषाला आखूड धोतर नेसून प्रश्न सोडवता येत होता. स्त्रीला तो मार्ग मोकळा नव्हता. तिच्या साडीला लांबीही हवी होती आणि पन्हाही. खादीची साडी जड पडते, वाळत नाही, कामात सावरत नाही अशी स्त्रियांची तक्रार त्या काळी सर्वत्र होती. चळवळीच्या इतिहासात ती बहुधा त्यागाच्या कसोटीचा भाग म्हणून सांगितली जाते. ती शरीराची तक्रार म्हणूनही वाचली पाहिजे.

वर्ध्यातील मारवाडी कुटुंबांतही या काळात मोठे स्थित्यंतर झाले. या समाजातील स्त्रियांचा पारंपरिक वेश घागरा आणि ओढणीचा. जमनालाल बजाज यांच्या पत्नी जानकीदेवी (१८९३-१९७९) यांनी पडदा, दागिने आणि विदेशी वस्त्रे यांचा त्याग करून खादी स्वीकारली, तेव्हा व्यापारी वर्गातील स्त्रियांपुढे एक नवे उदाहरण उभे राहिले. घुंगट सुटल्याने डोके आणि डोळे मोकळे झाले. हे मोल मोठेच आहे. कमरेची गाठ मात्र घागऱ्यातून साडीत जशीच्या तशी आली. डोंगराळ युरोपात लोकवेशाचा राजकीय उपयोग ज्या दशकात बहिष्कारासाठी झाला, त्याच दशकात वर्ध्यात साध्या वेशाचा उपयोग श्रीमंत-गरीब भेद पुसण्यासाठी झाला, हे अंतर निर्विवाद आहे. इतके असूनही दोन्हीकडे वेशाचा अर्थ ठरवणारे नेसणाऱ्या बाईपेक्षा वेगळे कोणी होते. मॅडेलिन स्लेड ऊर्फ मीराबेन यांचा जीवनक्रम या दोन्ही प्रदेशांना जोडतो : शेगावात गांधीजींच्या आधी त्या राहावयास गेल्या होत्या आणि आयुष्याची अखेरची वर्षे, १९८२ मध्ये निधन होईपर्यंत, त्यांनी ऑस्ट्रियात काढली.

ओटीचे ओझे

अल्लीपूर परिसरात कमरेवरील भार केवळ वस्त्राचा नाही. कापूस वेचण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात. वेचणारी बाई कमरेला कापड बांधून त्याची ओटी करते आणि वेचलेला कापूस तीत भरत जाते. मजुरी किलोवर असल्यामुळे ओटी जितकी भरेल तितके बरे. परकराची नाडी, साडीच्या निऱ्या आणि त्यावर ओटीचा फास असा तिहेरी ताण ती तासन्‌तास, वाकून, घामात वाहते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूसमळ्यांत वेचणारे लांब पिशवीचा पट्टा खांद्यावर अडकवून ती मागे ओढीत नेत. तेथील श्रम कमी क्रूर होते असे कोणी म्हणणार नाही. फक्त भाराची जागा निराळी होती. आपल्याकडेही कृषी विद्यापीठांच्या गृहविज्ञान विभागांनी खांद्यावर अडकवायच्या वेचणी-पिशव्या तयार केल्या आहेत. ओटीला पैसे पडत नाहीत, घरातले जुने लुगडे पुरते. नव्या पिशवीचा प्रसार का होत नाही याचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

या ताणाचे परिणाम शरीरावर उमटतात. वर्षानुवर्षे साडी नेसणाऱ्या स्त्रियांच्या कमरेवर त्वचा काळी, जाड पडलेला पट्टा सर्रास आढळतो आणि तो आजार म्हणून सांगण्याची प्रथा नाही. १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी धोतराच्या कायमच्या घर्षणाने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली. वैद्यकात तो 'धोती कॅन्सर' म्हणून ओळखला जातो. पुढे 'साडी कॅन्सर' ही संज्ञाही रूढ झाली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वर्ध्याचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांचे वृत्त प्रसिद्ध केले. एकीच्या कुशीवर परकराच्या घट्ट नाडीमुळे दीड वर्ष न भरणारी जखम होती. दुसरी चाळीस वर्षे आत परकर न घालता घट्ट लुगडे नेसत आली होती. दोघींच्या जखमांचे रूपांतर कर्करोगात झालेले आढळले; दुसरीचा रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता. जुनाट जखमेतून उद्भवणाऱ्या या विकाराला १८२८ मधील एका फ्रेंच शल्यवैद्याच्या वर्णनावरून मार्जोलिन व्रण म्हणतात.

हा विकार विरळा आहे, त्याचा बाऊ करणे योग्य नव्हे. परंतु दुसऱ्या स्त्रीचे उदाहरण इतिहासाच्या अभ्यासकाला सावध करणारे आहे. पाचवारी आणि नाडी हीच सारी अपराधी, आणि पूर्वीचे लुगडे निर्दोष, असा सोपा निष्कर्ष काढण्याची सोय त्यामुळे उरत नाही. रुंद गाठही पुरेशी घट्ट असेल आणि दिवस पुरेसा लांब असेल, तर तीच जखम करते. डॉक्टरांनी सुचवलेला उपाय अगदी साधा आहे : गाठ सैल ठेवावी. शेतात वाकलेल्या बाईला तो पाळता येईल काय, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा आहे. सैल गाठ सुटते, आणि भर शेतात साडी सुटणे म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. कमरेची गाठ घट्ट असण्यामागे वस्त्राचे यंत्रशास्त्र आहे तितकीच लाजेची भीतीही आहे. बोस्टनच्या वेशसुधारक स्त्रियांना आणि अल्लीपूरच्या मजूर स्त्रियांना जोडणारा खरा दुवा हाच आहे, डिर्न्डलचे भरतकाम नव्हे.

शाळेचा पट्टा

ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रीच्या आयुष्यात खांद्यावर तोललेला वेश येतो तो बालपणी. फ्रॉकने परकर-पोलक्याची जागा घेतली आणि शाळेच्या गणवेशाने गॅलिसचा स्कर्ट किंवा बिनबाह्यांचा झगा खेड्यापर्यंत नेला. विलायतेतील शाळांतून वसाहतकाळी आलेला हा वेश आपल्याकडे इतका रुळला की त्याच्या परकेपणाची आठवणही उरली नाही. शिक्षणाच्या इतिहासात मुलींच्या पटसंख्येची चर्चा होते. पळता येईल, दोरीवरच्या उड्या मारता येतील असा कपडा प्रथमच सर्व जातींच्या मुलींच्या अंगावर आला, ही बाब मात्र तळटीपेतही सापडत नाही.

शैक्षणिक वर्ष २०२४-२५ मध्ये राज्य शासनाने 'एक राज्य, एक गणवेश' योजना राबवली. तीत पहिली ते चौथीच्या मुलींसाठी पिनो फ्रॉक, पाचवीसाठी शर्ट व स्कर्ट आणि त्यापुढे सलवार-कमीज असा क्रम ठरवण्यात आला. शिलाईचे काम महिला बचत गटांकडे देण्यात आले होते. योजनेत विलंब आणि मापांच्या तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा निर्णय पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आला. प्रशासनाच्या दृष्टीने हे प्रकरण तेथे मिटले. मात्र त्या क्रमात वयाची एक सीमारेषा कोणत्याही चर्चेविना आखली गेली होती : चौथीपर्यंत भार खांद्यावर, पाचवीपासून कमरेवर. शिवणारी बाई आणि घालणारी मुलगी बहुधा एकाच तालुक्यातील. दहा वर्षांच्या मुलीसाठी पट्टे कापून, शिवून, गुंड्या लावून झाल्यावर यंत्रावरून उठणाऱ्या त्या बाईच्या स्वतःच्या साडीखाली नाडीचाच परकर असतो.